पेटी ठोकण्याचा आवाज आणि ३० सेकंद : नागपुरात रेडिओवर सिनेमाची जाहिरात

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी आमचा सिनेमा लागला. दिग्दर्शक माझा धाकटा भाऊ. पैसे त्याचे, माझे, आईच्या एफडीचे आणि काटोलच्या मामांचे. मी हिशेबनीस आहे, लोकांची जीएसटीची आणि पगाराची कामं करते. बाबा सीताबर्डीतल्या एका टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होते आणि शाळा सुटली की मी तिकीट खिडकीमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची, एवढाच माझा सिनेमाशी संबंध. शेवटच्या महिन्यात प्रसिद्धी बघायला कोणी उरलं नाही तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, आता तूच बघ." त्यातला रेडिओचा भाग मी पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत स्वतः हाताळला. म्हणून त्याच सेवेबद्दल लिहिते आहे. विदर्भात पदरचे पैसे घालून मराठी सिनेमा काढणारे बरेच आहेत, आणि जाहिरातीला हात घालायची वेळ येते तेव्हा प्रत्येक जण पहिल्यापासून ठेचा खात शिकतो. निदान माझ्या ठेचा त्यांना वाचायला मिळाव्यात.

आम्ही तीन ठिकाणी गेलो. एक खासगी एफएम स्टेशन, धंतोलीतला एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आणि सिव्हिल लाइन्समधलं आकाशवाणी. एफएम स्टेशनचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्याबद्दल तक्रारी आहेत, पण त्यांच्या माणसांनी त्यातल्या बऱ्याचशा निस्तरूनही दिल्या.

आधी रेडिओच का, ते सांगते. सिनेमा संत्र्याच्या बागायतदार घरावर आहे. बाप गेलेला, आई आणि मुलगा वावर सांभाळतात. आमचा प्रेक्षक कोण असेल याचा विचार केला तर डोळ्यांसमोर आली ती महालातली शिवणकाम करणारी बाई, इतवारीतल्या दुकानात दिवसभर उभा राहणारा माणूस, मानेवाड्याचा ऑटोवाला, हिंगणा एमआयडीसीतून शिफ्ट संपवून निघालेला कामगार. या सगळ्यांचे हात कामात गुंतलेले असतात, डोळेही कामावर असतात, फक्त कान मोकळे असतात. मोबाईलवरच्या जाहिरातींवर आम्ही पैसे घातले होते. त्यावर "मस्त", "खूप शुभेच्छा" असं लिहिणारे बहुतेक भावाचे पुण्या-मुंबईचे मित्र निघाले. तिथे आमचा सिनेमा लागणारच नव्हता.

दुसरं कारण घरातलं. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि त्या पहिल्या केंद्रांमध्ये मुंबई-पुण्याच्या जोडीला नागपूर होतं. बाबा हे फार अभिमानाने सांगायचे. त्या काळात सिनेमांचे १५ मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागायचे. दोन-तीन गाणी, थोडे संवाद आणि मध्ये निवेदक गोष्ट अशा जागी आणून सोडायचा की पुढचं टॉकीजमध्ये जाऊनच कळणार. अमीन सयानींनी असे कितीतरी कार्यक्रम केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले, त्या रात्री आई जेवताना त्यांच्याच आवाजाबद्दल बोलत होती. बाबा सांगायचे की रेडिओवर कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी खिडकीवर माणसं पिक्चरचं नाव विचारत नसत, संवाद म्हणून दाखवत. "तो पिक्चर द्या, ज्यात तो असं असं म्हणतो." हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

एफएम स्टेशनच्या विक्री विभागातला मुलगा दुसऱ्याच दिवशी घरी आला. नम्र होता, तयारीने आला होता. पॅकेज असं : ३० सेकंदांची जाहिरात, रोज १२ वेळा, ७ दिवस. म्हणजे ८४ स्पॉट. रेडिओवर वेळ १० सेकंदांच्या मापाने विकतात, त्यामुळे ३० सेकंदांचा एक स्पॉट म्हणजे तीन मापं. ८४ चे २५२ झाले. घासाघीस करून दर १० सेकंदांना २५० रुपयांवर आला. ६३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,३४०, एकूण ७४,३४०. पैसे आगाऊ. सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत आणि गाण्याच्या तुकड्यासाठी म्युझिक कंपनीचं पत्रही त्याने मागितलं. सिनेमा आपला असला तरी गाण्याचे हक्क आपण कंपनीला दिलेले असतात, तेव्हा आपल्याच गाण्याचे आठ सेकंद वाजवायलाही परवानगी लागते. ते पत्र यायला आम्हाला पाच दिवस लागले. तुम्ही रेडिओ घेणार असाल तर हे पत्र सगळ्यात आधी मागवा.

मग तो म्हणाला, "मॅडम, स्पॉट हिंदीत करूया. आमचं स्टेशन हिंदी आहे, श्रोता हिंदीला सरावलेला आहे."

तो खोटं बोलत नव्हता. नागपुरात खासगी एफएम लावलं की गाणी हिंदी, आरजेची बडबड हिंदी, दागिन्यांच्या दुकानापासून फ्लॅट स्कीमपर्यंत जाहिराती बहुतेक हिंदी. बर्डीच्या बाजारात भाव करताना आपणही दोन वाक्यांनंतर हिंदीवर जातो. भाऊसुद्धा डळमळला. मी मात्र आठवडाभर एक गोष्ट केली होती. सकाळी डबा करताना स्टेशन लावून ठेवायची आणि कुठल्या जाहिरातीला माझा हात थांबतो ते बघायची. फक्त एकदा थांबला, बियाण्याच्या एका मराठी जाहिरातीला. चांगली होती असंही नाही. पण तासभर हिंदी कानावरून वाहून गेल्यावर अचानक कोणी आपल्या घरच्यासारखं बोललं की मान वर होतेच. मी त्या मुलाला सांगितलं, मराठीतच करायचा, आणि पुस्तकी मराठीत नाही, वऱ्हाडीत. त्याने वहीत लिहून घेतलं. पण त्यांच्या लेखकाकडून जो मसुदा आला तो असा : "एक कुटुंब... एक संघर्ष... आणि मातीशी जोडलेलं एक नातं... काळजाला भिडणारी कहाणी, या शुक्रवारी..." कुठल्याही सिनेमाला लावा, चालेल. आम्ही तो ठेवून दिला आणि स्वतः लिहायला बसलो.

तीन रात्री गेल्या त्यात. ३० सेकंदांत नीट बोललं तर मराठीचे साधारण ६० ते ६५ शब्द मावतात, आणि गाणं आणि आवाज घालायचे तर ३५ वर यावं लागतं. भावाला सगळी गोष्ट सांगायची होती. मी हट्ट धरला की एकच प्रसंग घ्यायचा. सिनेमात संत्री भरायच्या लाकडी पेट्यांवर खिळे ठोकतानाचं एक दृश्य आहे. त्या ठोक्यांनीच सुरुवात करायची ठरली. मग आई आणि मुलगा. पहिल्यांदा आम्ही आईच्या तोंडी लिहिलं होतं, "संत्रा विकाचा आहे आपल्याले, बगीचा नाही." फोनवर मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "अवं बाई, बगीचा विकणं म्हणजे झाडावरचा मालच विकणं होते ना आमच्याइकडे. व्यापारी बगीचाच तं घेते. तुह्या वाक्याचा अर्थच नाही लागत. वावर म्हण." एका शब्दाने सगळं वाक्य उभं राहिलं. शेवटी झालं ते असं :

चार ठोके, लाकडावर खिळ्याचे.
मुलगा : "माय, व्यापारी दारात उभा आहे. काय सांगू त्याले?"
आई : "सांग, संत्रा विकाचा आहे. वावर नाही."
एक ठोका. मग शांतता.
गाण्याचा तुकडा. सिनेमाचं नाव, "शुक्रवारपासून", चित्रपटगृहं, पुन्हा नाव.

ठोके ३ सेकंद, संवाद ९, गाणं ८, निवेदन १०. त्या शेवटच्या ठोक्यानंतरची शांतता जेमतेम एक सेकंदाची आहे, पण तिच्यासाठी मला स्टेशनशी भांडावं लागलं. शांतता म्हणजे वाया गेलेली वेळ, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पैसे मी भरले आहेत, तो सेकंद माझा आहे. रेडिओवर सतत काहीतरी वाजत असतं. तिथे एक सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर माणूस रेडिओकडे बघतो. हे मी आजही कोणाशीही वाद घालून सांगेन.

धंतोलीच्या स्टुडिओचं मनापासून कौतुक करते. एका बंगल्याच्या मागच्या खोलीत आहे, भिंतींना काथ्याचे आणि फोमचे तुकडे. ८,००० रुपयांत रेकॉर्डिंग, मिक्सिंग आणि तीन वेळा दुरुस्ती. आईचं काम केलेल्या आमच्या अभिनेत्रीने ते दोन वाक्यांचं उत्तर सतरा वेळा म्हटलं. सोळाव्यापर्यंत ती नाटकातल्यासारखं जोर देऊन म्हणत होती. स्टुडिओवाल्या दादांनी तिला हातात काहीतरी काम करत बोलायला सांगितलं. माझ्या पिशवीत संत्री होती. ती संत्रं सोलत बोलली आणि वाक्य एकदम घरचं झालं. कान देऊन ऐकलं तर साल निघाल्याचा बारीक आवाजही त्यात आहे.

मिक्स झाल्यावर दादांच्या मोठ्या स्पीकरवर सगळं फार भारी वाटत होतं. ठोके छातीत बसत होते. भाऊ खूश. दादा म्हणाले, "इथे ऐकून काय उपयोग? तुमचा गिऱ्हाईक इथे बसून ऐकणार आहे का?" त्यांनी फाइल पेनड्राइव्हवर दिली आणि आम्हाला रस्त्यावर पाठवलं. पंचशील चौकाजवळ एक ऑटो उभा होता, मागच्या सीटच्या वर दोन स्पीकर लावलेला. ऑटोवाल्या काकांना विनंती केली, आम्ही दोघं मागे बसलो आणि शंकरनगरपर्यंत फेरी मारली. जाहिरात चार वेळा ऐकली. ठोक्यांमधला सगळा जड आवाज गायब. गाण्यातली ढोलकी तर जणू वाजलीच नाही, आणि "व्यापारी" हा शब्द इंजिनाच्या घरघरीत बुडाला. छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत आणि रस्त्याचा आवाज नेमका तिथलाच उरलासुरला भाग खातो. आम्ही परत गेलो. दादांनी ठोक्यातला लाकडाचा कोरडा, टणक भाग वर आणला, ढोलकी काढून टाळ ठेवले आणि मुलाला "व्यापारी" सावकाश म्हणायला लावलं. दुसऱ्या फेरीला ऑटोवाले काका स्वतःच म्हणाले, "आता पेटी ठोकून राहिले असं समजते." मग मी होकार दिला. असं करून घेणारा स्टुडिओ मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या.

आता प्रत्यक्ष प्रसारण. मंगळवारी सुरू केलं, पुढच्या सोमवारपर्यंत. करारात लिहून घेतलं होतं की रोजच्या १२ पैकी ८ स्पॉट प्राइम टाइममध्ये, म्हणजे सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, आणि ४ इतर वेळी. बुधवारी संध्याकाळी मी मंगळवारचा लॉग मागितला. लॉग म्हणजे कुठला स्पॉट किती वाजून किती मिनिटांनी वाजला याची यादी. सगळी स्टेशनं ती देतात, पण बहुतेक गिऱ्हाईक बिल भरताना मागतं. तोवर आठवडा संपलेला असतो. मी यादी घेऊन पेन्सिलने खुणा केल्या. प्राइममध्ये ५, बाकी ७, आणि त्यातले २ रात्री ११ नंतर. बुधवारचंही तेच. गुरुवारी सकाळी मी सिव्हिल लाइन्समधलं काम टाकून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. आवाज न चढवता यादी समोर ठेवली. त्यांच्या वेळापत्रक बघणाऱ्या मॅडमनी संगणकात पाहिलं आणि चूक मान्य केली. सणानंतरच्या सेलच्या जाहिरातींनी सकाळ भरली होती, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचा स्पॉट आत आला की छोट्याचा बाहेर सरकतो. त्यांनी भरपाई म्हणून १० स्पॉट वाढवून दिले आणि गुरुवारपासून ते ८ शेवटपर्यंत पाळले. म्हणून स्टेशनला मी ५ पैकी साडेतीन गुण देते. पण तिथे जाऊन बसले नसते तर ते १० मिळाले नसते, हेही खरं.

सकाळच्या कार्यक्रमातल्या आरजे मुलीने आमच्यासाठी एक स्पर्धा घेतली : एका पेटीत किती संत्री मावतात, ओळखा आणि तिकिटं मिळवा. स्पर्धेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, तिकिटं मात्र आम्ही द्यायची. मल्टिप्लेक्समध्ये निर्मात्याचे पास चालत नाहीत, त्यामुळे ती तिकिटं आम्ही पूर्ण दराने विकत घेतली. खर्च झाला, पण फोन आले. तिने एका श्रोत्याला लाइव्हवर वऱ्हाडीत बोलायला लावलं आणि तो माणूस दीड मिनिट कळमन्याच्या बाजारातल्या पेट्यांबद्दलच बोलत राहिला. ते दीड मिनिट आमच्या आठवड्यातल्या कुठल्याही स्पॉटपेक्षा भारी होतं. एकच दुखणं. आमच्या सिनेमाच्या नावात "ळ" आहे आणि ती मुलगी दोन दिवस त्याचा "ल" करत होती. घरी हिंदी बोलणारी असावी. मी तिला फोन केला, नाव तीनदा म्हणून दाखवलं आणि तिने इतक्या मनापासून सराव केला की तिसऱ्या दिवशी तो "ळ" तिच्या तोंडी आमच्यापेक्षा स्वच्छ होता. नाव चुकीचं ऐकलेला माणूस तिकिटाच्या ॲपवर ते चुकीचंच टाइप करतो आणि त्याला सिनेमा सापडत नाही. म्हणून आरजेला आधीच नावाचं रेकॉर्डिंग पाठवून ठेवा, नुसतं लिहून देऊ नका.

सगळ्यात मोठा फटका बसला शनिवारी. आमच्या स्पॉटमध्ये "शुक्रवारपासून" होतं. शुक्रवारी सिनेमा लागला. खेळांच्या वेळा मल्टिप्लेक्सकडून बुधवारी रात्री उशिरा कळल्या, त्या घालून "सुरू झाला आहे" असा दुसरा स्पॉट आम्ही गुरुवारी रात्री तयार केला आणि शुक्रवारी दुपारी स्टेशनला पाठवला. पण दुसऱ्या दिवशीच्या वेळापत्रकात बदल करायचा तर फाइल आदल्या दिवशी सकाळीच लागते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शनिवार-रविवार तो विभाग बंद. त्यामुळे शनिवारी आणि रविवारी, सिनेमाच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोलाच्या दोन दिवशी, आमचीच जाहिरात लोकांना सांगत होती की सिनेमा शुक्रवारपासून आहे. शेजारच्या काकू शनिवारी संध्याकाळी म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी आहे ना तुमचा पिक्चर? आम्ही सगळे येऊ." मी गच्चीवर जाऊन रडले. खोटं का सांगू?

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. पहिल्याच दिवशी दोन्ही स्पॉट देऊन ठेवायचे आणि रिलीज ऑर्डरमध्ये, म्हणजे कुठली जाहिरात कधी वाजवायची याच्या स्टेशनला दिलेल्या लेखी ऑर्डरीत, तारखा लिहायच्या : अमुक तारखेपर्यंत पहिला, अमुक तारखेपासून दुसरा. दुसऱ्या स्पॉटमध्ये खेळाच्या वेळा घालायच्या नाहीत, कारण त्या दर दोन दिवसांनी बदलतात. "आता सुरू आहे" आणि चित्रपटगृहाचं नाव एवढं बस. वेळ माणूस मोबाईलवर बघतो.

आकाशवाणीबद्दल वेगळं लिहायला हवं. तिकडे जायला मी टाळाटाळ करत होते. सरकारी कारभार, अर्ज, सही-शिक्का, असा समज. मामा मागे लागले म्हणून गेले. मामांचा मुद्दा बरोबर होता. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, टॉवरपासून दूर गेलं की विरतात. मी गाडीत स्टेशन लावून काटोलला गेले तेव्हा गाव यायच्या बऱ्याच आधी खरखर सुरू झाली होती. आकाशवाणी नागपूरची ५८५ किलोहर्ट्झची मध्यम लहर जमिनीला धरून लांब जाते. काटोल, नरखेड, वरूडकडच्या बागांमध्ये शेतीचा कार्यक्रम आणि बाजारभाव ऐकणारी माणसं अजून आहेत. हे केंद्र १९४८ पासून त्यांच्या कानावर आहे, आणि आमचा सिनेमा तर त्यांच्याच घरातला. कामाला वेळ लागला हे खरं. जाहिरातीचा मजकूर आधी तपासून घेतात, कागद पूर्ण लागतात, पैसे आधी भरावे लागतात. पण एकदा वेळ ठरली की ठरली. मिळालेली यादी आणि ठरलेली यादी पेन्सिल फिरवून पाहिली, एकही खूण करावी लागली नाही. तिथल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी स्पॉट ऐकला आणि फक्त एवढंच विचारलं, "आवाज खऱ्या पेटीचा आहे का?" खऱ्याच पेटीचा आहे, म्हटलं. मामांच्या गोठ्यात रेकॉर्ड केलेला.

रेडिओने माणसं आणली का? मी तीन दिवस चित्रपटगृहाच्या दाराशी वही घेऊन उभी होते. बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, कुठून कळलं? सगळ्यात जास्त उत्तरं "व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलं" आणि "नातेवाईक म्हणाले" ही होती. त्यांच्याखाली रेडिओ, आणि वर्तमानपत्राच्या बराच वर. पण रेडिओवाले वेगळे कळायचे. ते आई-वडिलांना घेऊन आलेले असायचे. मानेवाड्याचा एक ऑटोवाला बायको, आई आणि दोन मुली घेऊन आला होता, त्याच्याच ऑटोतून. म्हणाला, "दिवसातून चार डाव ऐकतो ताई, चौथ्यांदा वाटलं आता पाहूनच घेऊ." सुरुवातीला रोजचे १२ मला फार वाटले होते. त्याचं ऐकल्यावर आकडा समजला. एका माणसाच्या कानावर १२ पैकी तीन-चारच पडतात.

रविवारी दुपारी एक आजोबा आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. सावनेरकडून एसटीने आले होते. तिकीट खिडकीवरचा मुलगा त्यांना कुठला सिनेमा असं हिंदीत विचारत होता आणि त्यांना नाव आठवत नव्हतं. मी जवळ गेले तर ते म्हणत होते, "अरे बाप्पा, तो रेडिओवरचा. पेटी ठोकतात तो. वावर नाही म्हणते ते बाई." त्या मुलाला काहीच कळेना. मागे रांग वाढत होती. मला क्षणभर बाबांच्या खिडकीमागचं ते स्टूल आठवलं. मी पुढे होऊन त्यांचं तिकीट काढलं. पैसे घ्यायला नको म्हटलं तर ऐकेनात, नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या. पडद्यापासून लांबची, कोपऱ्यातली सीट त्यांना मिळाली. अंधारात पायऱ्या दिसत नव्हत्या म्हणून मी हात धरून बसवलं.

दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एकच खेळ उरला, दुपारी १२:१५ चा. त्यासाठी मी भरपाईचे ते १० स्पॉट मागून घेतले, आणि वर रोज ४ विकत घेतले, सगळे सकाळी ८ ते १० मध्ये. बायकांचं स्वयंपाकघर आवरत असतं आणि दुपारचं ठरत असतं, ती वेळ. स्पॉट २० सेकंदांचा केला. गाणं काढलं, निवेदन थोडं छाटलं, संवाद तसाच ठेवला. ठोके चारचे चार ठेवले आणि शांततेचा तो एक सेकंदही.